सरकारला धाडलेलं डोकं

(किर्गिझस्तानातलं एक डोंगरी गाव. नदीकाठचं अंगण. बुरुल आपा चहा ओततेय. समोर जिल्हा कचेरीतून आलेली चिनारा, मांडीवर कागद. पलीकडच्या काठावरचा म्हातारा सेयदाली नुकताच गाढवावरून उतरून टेकलाय.)

बुरुल : खोटं बोलत असेन तर आत्ताच्या आत्ता जीभ झडो माझी! ह्या पावावर हात ठेवून सांगते, शब्द न् शब्द खरा. रेल्वेचा डबा पुरानं आणला.

चिनारा : आपा, रेल्वे खाली सपाटीवर. दोनशे किलोमीटर. आणि पूर वरून खाली येतो.

बुरुल : त्या वर्षी खालून वर आला.

चिनारा : हे मी कागदावर काय लिहू?

बुरुल : तेच लिही. आला, दोन्ही काठांवर नीट टेकला, आणि गप्प बसला. चाकं नाहीत, छप्पर नाही, नुसता सांगाडा. आम्ही काय, वर चार फळ्या ठोकल्या. झाला पूल.

सेयदाली : मॅडम, नोंद घ्या. सदर डबा दोन ट्रॅक्टर आणि अठरा माणसांनी घाट चढवून चार दिवसांत आणला. मी स्वतः हजर होतो. निषेध म्हणून हात लावला नाही.

बुरुल : हात नाही लावला भावजींनी. तोंड मात्र लावलं. पहिल्या पंगतीला!

सेयदाली : जेवणाला माझा विरोध नव्हता.

चिनारा : थांबा हो दोघं. पुलाकडे मी नंतर वळते. आधी डोकं.

बुरुल : कुणाचं?

चिनारा : मेंढ्याचं! आमच्या कचेरीच्या दारात सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ना चिठ्ठी, ना नाव. मिनीबसवाला म्हणाला, ह्या गावातून आलंय.

बुरुल : पोचलं का! बाई, किती दिवस घोर लागला होता मला. गरम होतं ना?

चिनारा : तुम्ही पाठवलंत कधी?

बुरुल : शुक्रवारी.

चिनारा : आम्हाला सापडलं सोमवारी. आपा, जुलै महिना होता. नवे साहेब शहरातले, त्यात सिनेमे फार बघतात. त्यांना वाटलं, धमकी आली. दोन दिवस पडदे लावून बसले होते. जेवणाचा डबासुद्धा आधी शिपायाला चाखायला लावायचे.

बुरुल : धमकी? अगं, मान दिला मी! तुझ्या साहेबाला आई-आजी नव्हती का काही शिकवायला? ऐक. पुलासाठी आम्ही आशर केला. तुला सांगायला नको, साद घातली की अख्खं गाव येतं, राबतं, जेवतं, घरी जातं. काम झालं, मेंढा कापला. आता डोकं कुणापुढे ठेवायचं? मानाच्या पाहुण्यापुढे. मी म्हटलं, ह्या खेपेला सरकारला बसवू. दाराच्या समोरची मानाची जागा मोकळी ठेवली. दोन गाद्या घातल्या, उशी दिली. बसलो वाट बघत. चरबी थिजली, पोरं रडायला लागली, सरकार काही आलं नाही. आता मानाचं डोकं दुसऱ्यानं कसं खायचं? दिलं मिनीबसमध्ये ठेवून.

चिनारा : पण सरकारनं ह्या पुलासाठी काहीच केलं नव्हतं!

बुरुल : त्याचाच तर मान. अडवलं नाही, मधे पडलं नाही. पाहुण्यानं अजून किती चांगलं वागायचं?

चिनारा : (हसू आवरत) बरं. लिहिते, "आदरापोटी पाठवलेले." आता दुसरा कागद. आपा, रागावू नका. हा पूल कुठल्याच नोंदीत नाही. परवानगी नाही, आराखडा नाही. दहा दिवसांत पाडायचा हुकूम आहे.

बुरुल : चहा घे.

चिनारा : आपा...

बुरुल : घे म्हटलं ना.

चिनारा : आपा, वाटी काठोकाठ भरलीत.

बुरुल : हो.

चिनारा : पाहुण्याला अर्धी वाटी देतात. भरून दिली म्हणजे...

बुरुल : म्हणजे काय ते तुला तुझ्या आईनं शिकवलंय. शहाणी आहेस. तुझी गाडी पुलाच्या पलीकडे उभी आहे. पुलावरून जा हो, मला काही वाटायचं नाही.

सेयदाली : मॅडम, जाऊ नका! हुकुमाला माझा पाठिंबा आहे. पाडा. विनंती विशेष.

बुरुल : भावजी!

सेयदाली : वहिनी, मला बोलू द्या. मॅडम, ही पिशवी बघा. अर्जांच्या नकला. दरवर्षी वसंतात एक, असे सत्तावीस. "सबब, सदर ठिकाणी पूल बांधून मिळावा." आणि ह्या लोकांनी काय केलं? बांधून टाकला! आता सरकार म्हणणार, यांना पूल आहे. मी कुठल्या तोंडानं मागू? पूल सरकारनंच द्यायला पाहिजे. कर घेता ना? मग द्या.

चिनारा : आबा, म्हणून तुम्ही गाढवावरून आलात? तुमचं घर तर समोर दिसतंय.

बुरुल : अकरा किलोमीटर वळसा! सकाळचा निघतो माणूस. समोरून हाक मारली असती तरी मी चहाची वाटी फेकून दिली असती त्याच्या अंगणात. तत्त्व आहे म्हणे. तत्त्व गाढवाचं, पाय पण गाढवाचे.

सेयदाली : सरकारी पूल झाला की सगळ्यात आधी मी चालणार.

बुरुल : अहो, सरकारचं देणं बघितलंय आपण. चिनारा, तू तेव्हा पाळण्यातही नव्हतीस. तेव्हा सरकार सगळं द्यायचं. पाव द्यायचं, बूट द्यायचं, कवळ्या द्यायचं. अख्ख्या सामूहिक शेतीला एकाच मापाची कवळी! भावजींच्या बायकोची आणि माझी एका लग्नात बदलली, आठ वर्षं मी तिच्या दातांनी जेवले. आणि एका सकाळी उठून बघतो तर सरकारच नाही. दुकानात पाव नाही, कचेरीत साहेब नाही, भिंतीवरचा फोटो पण गेलेला. खिळा तेवढा राहिला. आम्ही चुकलेली मेंढी शोधावी तसं शोधलं. कुरणात बघितलं, खिंडीपर्यंत जाऊन आलो. मग कळलं, हे काही परत यायचं नाही. तेव्हापासून आमचं आम्ही बघतो.

सेयदाली : तुम्ही बघता म्हणून ते बघत नाही!

चिनारा : पण आपा, माझंही ऐका. उद्या फळी मोडली आणि शाळेतलं पोर खाली गेलं, तर जबाब कुणी द्यायचा? तुम्ही पावावर हात ठेवाल. मला विचारतील, माहीत असून का चालू ठेवला?

बुरुल : हा प्रश्न बरा आहे. पूल नव्हता तेव्हा कुणी विचारला होता? तार होती. तारेला टांगलेली लोखंडी टोपली. तीत बसायचं, दोरी ओढायची. पोरं अशीच शाळेत जायची.

चिनारा : कुणी पडलं होतं त्यातून?

बुरुल : पडलं होतं की. आमचे हे, माझे घरधनी.

सेयदाली : वहिनी...

बुरुल : भावजी, तुम्ही हे तळलेले बोर्सोक खा, गार होतायत. तर हे निघाले पलीकडे. खांद्यावर मेंढा. मधोमध आले आणि मेंढ्याला आपलं प्रतिबिंब दिसलं. त्याला वाटलं, दुसरा मेंढा! मारली ना त्यानं ढुशी. टोपली उलटी, हे खाली. एप्रिलचं पाणी, बर्फ वितळलेलं. मी काठावरून ओरडतेय. आणि दोन गावं खाली हे निघाले बाहेर. मेंढा डोक्यावर धरलेला, एक केस ओला नाही! टोपीत हा एवढा मासा. वर मला म्हणतात कसे, "पाणी छान आहे, तू पण ये."

चिनारा : (हसून) काहीतरीच आपा!

बुरुल : पावावर हात आहे माझा.

चिनारा : बरं, मग तुमच्या मते सरकारनं करायचं तरी काय? आबा म्हणतात सगळं करा. तुम्ही म्हणता काहीच नको.

बुरुल : असं कुठे म्हटलं मी? मला फळी ठोकता येते, ती मी ठोकीन. तिच्यासाठी तुझ्या साहेबाला कशाला त्रास? पण खालचं लोखंड किती गंजलंय, किती वजन पेलेल, ते मला काय कळतंय? मला न कळणारं ज्याला कळतं तो माणूस पाठव. एकदा. ठोकून बघू दे, आणि पाटी लावू दे, ट्रॅक्टर नेऊ नका म्हणून. गाद्या अजून तशाच आहेत. डोकं पण देईन, ह्या खेपेला गरम.

सेयदाली : इंजिनिअर म्हणजे... सरकारी इंजिनिअर?

बुरुल : सरकारी.

सेयदाली : शिक्क्यासह?

बुरुल : दोन शिक्के मारायला सांगू. मग चालाल?

सेयदाली : विचार करता येईल.

चिनारा : एक वाट आहे तशी. हा बघा रकाना. "पूर्वी सदर ठिकाणी नदीत झालेले मृत्यू." एक जरी असेल ना, तर दुसरी सोय होईपर्यंत पूल पाडता येत नाही. तपासणी करून चालू ठेवावा लागतो. नियमच आहे. पण इथे तर... तुमचे यजमान पोहून बाहेर आले. म्हणजे शून्य. आपा, मी खोटं लिहू शकत नाही. शून्य लिहिते.

सेयदाली : वहिनी.

बुरुल : ऐकतेय.

सेयदाली : माझा पहिला अर्ज त्याच एप्रिलमधला आहे. पिशवीत सगळ्यात खाली. त्यात काय लिहिलंय ते मी वाचू, की तुम्ही सांगता?

चिनारा : काय झालं? आबा? ... आपा, तुम्ही माझी वाटी का ओतून टाकलीत?

बुरुल : गार झाली होती. थांब, नवी देते. ही घे. अर्धी. आता ते शून्य खोड, पोरी.

चिनारा : खोडू?

बुरुल : खोड. बाकी सगळं खरं आहे हं. पूर खालूनच आला होता, दात पण तिचेच होते. मासासुद्धा असेल कुठेतरी. सत्तावीस वर्षं सांगतेय मी ही गोष्ट, पोरांना सांगते, पाहुण्यांना सांगते. तेवढं एकच माझ्या पदरचं आहे त्यात.

चिनारा : कुठलं, आपा?

बुरुल : हे बाहेर आले, ते.