पस्कूचा गेम

आमी पाचूबंदरचे, बापाची होडी होती, दोघंच भाऊ आमी, मी थोरला नि पस्कू धाकटा. पन मला होडीत उलट्या व्हायच्या, काय सांगू तुमाला, बाप बोलायचा हा कोळ्याच्या घरात कुठून जन्मला, म्हनून मला वसईत एका टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली टाकला. उस्ताद कडक मानूस. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या टीव्हीतच टेपनं चिकटवायचा, आपल्या खिशात घालायचा नाय. आनि आपल्याकडची हवा खारी, तांबं खाऊन टाकते, तर काम झालं की बोर्डाला वार्निश मारायचं. सगळे एक हात मारायचे, मी दोन मारायचो, पाचूबंदरचा ना मी, आमच्या घरात तवासुद्धा गंजतो.

पस्कू परदेशी बोटीवर लागला. त्यानं अमेरिकेतून पोरासाठी टीव्हीवर खेळायचा गेम आनला, पोरगा म्हंजे ग्लेन, तवा सात वर्षांचा. लावला तर चित्र काळंपांढरं. तिकडची रंगाची पद्धत येगळी, आपल्या टीव्हीची येगळी. पोरगा रडायला लागला, पस्कूचं तोंड एवढंसं झालं. मी बोललो आन इकडे. क्रिस्टल म्हनून रंगाचा पार्ट असतो तो बदलला, बोर्डावरची तांब्याची एक रेघ कापली, चिपचा एक पाय उचलला, नि आला रंग. वर दोन हात वार्निश मारलं, भावाचं काम म्हनून तिसरा पन मारला. बापलेक सुट्टीभर खेळले, जेवायला हाक मारली तरी उठायचे नाय. पुढच्या फेरीला पस्कू गेला तो बोटीवरच गेला, छातीत दुखलं म्हनतात. पेटी आली, ती उघडायला नाय दिली.

ग्लेन आता कॅनडात असतो, त्याला पोरगी हाय. गेल्या नाताळाला आला तो गेम घेऊनच आला. बोलला, काका, हा पूर्वी होता तसा करून द्या, तिकडे पन अमेरिकेचीच पद्धत, जुन्या टीव्हीवर रंग येत नाय, पोरीला दाखवायचंय तिच्या आज्यानं काय आनलेलं, पप्पांची दुसरी एक पन वस्तू माझ्याकडे नाय. मी बोललो, अरे एका दुपारचं काम, तू जा, मी पाठवतो.

उघडला तर जुना क्रिस्टल आत टेपखाली जसाच्या तसा, मला एवढं बरं वाटलं. पन वार्निश दगड झालेलं. थिनर लावला, नाय निघालं, मग ब्लेडनं खरवडत बसलो. वय झालं माझं आता, पन हाताला दोष नाय देत मी, दोष त्या तीन हातांचा. वार्निश निघालं नि त्याच्यासोबत तांब्याच्या रेघा पन उचलून आल्या, कांद्याच्या सालीसारख्या. चिपचा पाय तुटला. चालू केला तर काळंपांढरं पन नाय, काहीच नाय.

वालीवला एका कारखान्यात एक बाई भिंगाखाली बोर्डांचं बारीक जोडकाम करते, तिच्याकडे नेला. तिनं लय बघितलं, मग बोलली, काका, बोर्ड मेला, दुसरा मिळतो, ह्याच खोक्यात बसवून देते, कोनाला कळनार नाय, सगळे असंच करतात. मी गेम उचलून घरी आलो. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ग्लेनचा फोन, झालं का काका, नि मी बोलायचो, होतंय रे बाबा. बायको बोलली, घाला की दुसरा, पोराचं समाधान होईल. मला नाय जमलं. आत कोना परक्याचा बोर्ड नि वर पस्कूचं खोकं, पस्कूच्याच पोराला कसं देऊ?

चार रविवार खोटं बोललो, पाचव्याला सगळं सांगून टाकलं, वालीवच्या बाईचं पन. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बोलला, काका, तुम्ही दुसरा बोर्ड घालून पाठवला असता नि मला काय सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं. फोन आदळला नाय हो त्यानं, हळूच ठेवला. त्यानंतर रविवारचा फोन नाय.

पोरगा चांगला हाय, देव त्याला सुखात ठेवो, त्याच्या पोरीला मोठं आयुष्य देवो. मी आता हत्यारं हातात घेत नाय. फादर सांगतात, कबूल केलं की मानूस हलका होतो. मी नाय झालो.