कॉम्प्युटरमध्ये वाढलेली छकुली

माझी छकुली वजनच धरत नव्हती ना, तेव्हाची गंमत सांगते. धाकटे भावजी मस्तगडच्या क्लासला प्रोग्रामिंग शिकत होते. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी सरावाला म्हणून जाऊबाईंच्या बाळाची, गोट्याची माहिती उचलून छकुलीच्या नावाला लावली आणि छकुलीचं वजन तेवढं बदलून सहा किलो केलं. तर स्क्रीनवर गोट्यापण सहा किलो!

“अगं बाई, माझं पोरगं वाळलं!” जाऊबाई किंचाळल्या.

भावजींनी जल्दी गोट्याचे परत नऊ केले, तर छकुलीपण नऊ. मला तर देव पावल्यासारखं झालं.

“खुश नका होऊ वहिनी,” भावजी म्हणाले, “गोट्याच्या माहितीची नक्कल झालीच न्हाई. दोन्ही नावं एकाच बाळाकडं बोट दाखवून राह्यले.”

मी म्हणलं, “बाळ एकच होतं, तर मंग भावजी, कळा आम्हा दोघींना कशाला आल्त्या?”