कागदी टोपीतला दर्यावर्दी

हसू नका ग, मी खरेच साक्ष देऊन आले! इथे कुंभकोणमच्या शाळेत समुद्रमार्गे पहिल्यांदा भारतात आलेल्या त्या पोर्तुगीज दर्यावर्द्यावर खटल्याचा खेळ होता. कागदी टोपी घालून आरोपी झाली माझीच लेक, आणि साक्षीला बोलावले आयांना. काही झाले तरी निर्दोष सुटायचे, असा तिचा हट्ट.

मी तमिळमध्ये दरडावले, "न विचारता दुसऱ्याच्या देशात शिरलास कसा रे?"

ती चिडून घरच्या मराठीत ओरडली, "आई, आपले पूर्वज तरी तंजावरात कुणाला विचारून आले?"

वर्गात मराठी कुणाला कळते? टीचरने विचारले, "काय म्हणते हो ती?"

मी म्हटले, "गुन्हा कबूल म्हणते."

टाळ्या पडल्या, शिक्षा झाली. तेव्हापासून लेक घरातही माझ्याशी तमिळच बोलते.