नवरंगाला हाक

मेघना : काका, बंद करा तो मोबाईल! आधी बंद करा!

प्रभाकर : ओरडतेस कशाला? पक्षी उडेल ना.

मेघना : मी ओरडतेय? आणि तुम्ही स्पीकरवर नवरंगाची शीळ लावलीत ती? सकाळी येऊरच्या जंगलाच्या गेटवर सगळ्यांना सांगितलेलं ना मी, माझ्या ट्रिपमध्ये आवाज लावून पक्षी बोलवायचा नाही म्हणून? तुम्ही मान पण हलवलीत.

प्रभाकर : हलवली. पण ऐकलंस का, त्यानं लगेच उत्तर दिलं. तो बघ, करवंदीच्या जाळीमागे आलाय.

मेघना : दिसला. जरा मागे या. नशीब, बाकीचे ओढ्याकडे पुढे गेलेत, नाहीतर तुमचं बघून सगळ्यांनीच मोबाईल काढले असते.

प्रभाकर : फांदी आड येतेय गं. नुसतं निळं दिसतंय. अजून एकदा लावतो, म्हणजे समोरच्या त्या दगडावर येईल.

मेघना : नाही लावायचा.

प्रभाकर : एकदाच.

मेघना : काका, मी तुम्हाला कधी नाही म्हटलंय? विनीत होता तेव्हापासून तुमच्या नौपाड्याच्या घरी येते मी. सकाळी तुमच्या गळ्यात त्याचा कॅमेरा बघितला आणि मला... जाऊ दे. पण हे नाही.

प्रभाकर : उद्या वर्षश्राद्ध आहे त्याचं.

मेघना : माहितीय मला.

प्रभाकर : दर पावसाळ्यात यायचं पोरगं इथे, या एका पाखरापायी. आणि दर वेळी फोटोत नुसती शेपूट. जया चिडवायची त्याला, 'तुझा नवरंग तोंड दाखवेना आणि तू सून दाखवेनास.' गेल्या वर्षी म्हणाला, यंदा तोंडासकट काढतो. डेंग्यूचं निमित्त झालं, आठवड्यात गेला. आज निघताना जयाला सांगून आलोय, तो फोटो घेऊनच येतो. उद्या त्याच्या फोटोशेजारी ठेवायचाय. रिकाम्या हातानं कसा उभा राहू तिच्यापुढे?

मेघना : विनीतनं कधीच आवाज लावला नाही, काका. म्हणून तर शेपूट मिळायची त्याला.

प्रभाकर : त्याच्याच मोबाईलमध्ये सापडला मला हा आवाज.

मेघना : ओळखायला ठेवतो आम्ही सगळे. घरी बसून ऐकायचा. मला त्यानंच शिकवलंय हे.

प्रभाकर : एका शिळेनं काय एवढं बिघडतं गं? मी काय मारून खातोय त्याला?

मेघना : लेन्समधून बघा. चोचीत काय आहे?

प्रभाकर : थांब... गांडूळ आहे वाटतं.

मेघना : पिल्लांना नेत होता. घरटं इथेच कुठेतरी असणार. तुमची शीळ ऐकली, त्याला वाटलं दुसरा नवरंग घुसला आपल्या जागेत. आता घास तसाच धरून शोधत फिरतोय, आणि पिल्लं तिकडे आ वासून बसलीत. पुन्हा लावाल, पुन्हा येईल. दिवसभर लावाल तर दिवसभर येईल. त्या बिचाऱ्याला मोबाईल काय कळतो?

प्रभाकर : कळला असता तरी आला असता.

मेघना : म्हणजे?

प्रभाकर : माझ्या मोबाईलमध्ये विनीतचा आवाज आहे. शेवटचा वगैरे नव्हे, असाच कुठल्याशा मंगळवारचा. 'बाबा, आईला सांगा भात टाकायला, पोचतोच मी.' एवढंच. संध्याकाळी हॉलमध्ये बसून लावतो मी. राहवत नाही.

मेघना : काका...

प्रभाकर : आणि जया आतून बाहेर येते. दर वेळी. हाताला पीठ तसंच. आधी दाराकडे बघते, मग माझ्याकडे. तिला माहीत असतं गं, मोबाईल आहे ते. चांगलं माहीत असतं. तरी येते.

मेघना : तुम्ही काय म्हणता मग?

प्रभाकर : काय म्हणणार? 'अगं, मोबाईल आहे,' म्हणतो. की ती आत जाते. वर्षभर हेच चाललंय आमच्याकडे, आणि मला मेल्याला एकदाही वाटलं नाही की आपण तिला उगाच बाहेर काढतोय. हा बघ ना कसा मान वर करून बघतोय. अगदी अशीच बघते ती.

(प्रभाकर मोबाईल खिशात ठेवतात. थोड्या वेळानं जाळीमागची हालचाल थांबते.)

मेघना : गेला. थांबायचं का आपण इथे, गप बसून? आपणहून आला तर येईल.

प्रभाकर : नको. त्याला पोरांना भरवू दे. चल खाली.

मेघना : काकूंना काय सांगाल?

प्रभाकर : सांगेन, पोरांचा घास होता गं त्याच्या तोंडात, म्हणून नाही काढला. तिला पटेल ते.

मेघना : आणि विनीतचा तो आवाज? काढून टाकणार?

प्रभाकर : छे! काढून कसा टाकू? पण आज तिला आधी हाक मारीन. शेजारी बसवीन. मग लावीन.