माफ करायला निघालेले पंच

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दोन भावांत बिनसलं, तर आधी कोणी कोणाच्या दारात जायचं? पुढं बसलेले आजोबा हसतात. म्हणतात, ‘ज्याची चूक त्यानं, यात विचारायचं काय?’ बरं. पण चूक कोणाची, हे ठरवायचं कोणी? तिथंच तर घोडं पेंड खातं!

तर एक गाव होतं. नदीकाठी पन्नासेक ख्रिस्ती घरं आणि पत्र्याचं चर्च. तिथल्या मंडळीचे पंच शांतवनराव उजागरे. निवृत्त मास्तर. नाव शांतवन, पण पोरं त्यांना लांबून बघितलं की गल्ली बदलायची! माणूस सरळ, बरं का. कुणाचं घेणार नाही, कुणाचं बुडवणार नाही. प्रभू येशूच्या आठवणीत आपण भाकर मोडून खातो ना, त्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट वीस वर्षं त्यांच्याच हातात. पण सरळ माणसाला एक खोड असते – त्याला दुसऱ्याचा वाकडेपणा लगेच दिसतो.

त्यांचा धाकटा भाऊ जयवंत. धंदा गवंड्याचा, पण ढोलकीवर हात असा, की भजनात म्हाताऱ्यासुद्धा डोलायच्या. सहा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत तमाशा आला आणि फडाचा ढोलकीवाला तापानं फणफणला. फडमालकानं जयवंतला गळ घातली. भिडेखातर गेला बिचारा, एक खेळ वाजवून आला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी शांतवनरावांच्या कानाला लागलं, ‘मास्तर, तुमचा जयवंत पिऊन तमाशात वाजवत होता.’

आता आपला प्रभू काय शिकवतो? भाऊ चुकला, तर आधी त्याच्याकडे जा, दोघंच असताना बोल. दोघांच्या घरांत अंतर किती? मधे एक हातपंप! शांतवनराव गेले? नाही गेले. रविवारी मंडळीच्या सभेत उभे राहिले आणि चाळीस माणसांसमोर म्हणाले, ‘सख्खा भाऊ असला तरी मी पांघरूण घालणार नाही. हा तमाशात गेला, पिऊन गेला. प्रभुभोजनाच्या यादीतून याचं नाव काढा.’ लोक म्हणाले, वा! पंच असावा तर असा. जयवंत जागेवरून उठला आणि निघून गेला. दारूचं म्हणाल, तर त्यानं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. तेव्हापासून त्याची बायको चर्चला यायची, तो काही यायचा नाही.

सहा वर्षं अशी गेली. मग जयवंतच्या लेकानं पुण्यात घर घेतलं. आईबापाला कायमचं न्यायचं ठरलं. सोमवारी टेम्पो येणार, आणि आदल्या दिवशी प्रभुभोजनाचा रविवार.  आई गेल्यावर याच धाकट्या भावाला शांतवनरावांनी हातानं भरवलं होतं. हा असाच गेला, तर पुन्हा भेट कुठली? शनिवारी दुपारी ते उठले आणि हातपंप ओलांडून गेले. जयवंत ट्रंकेला दोरी बांधत होता.

‘जयवंता, मी तुला क्षमा करायला आलोय.’

‘कशाची?’

‘झाल्या गेल्या सगळ्याची. माझ्या मनात आता काही नाही.’

जयवंतनं दोरीची गाठ आवळली. ‘दादा, सामान आधीच फार झालंय. तुझी क्षमा ठेवायला जागा नाही. घरी घेऊन जा.’

हसताय? हसा, हसा! आपणही असेच निघतो की – छाती पुढं काढून, खैरात वाटायला.

शांतवनराव तणतणत घरी आले. बायको सगुणाबाई मेथी निवडत होत्या. ‘बघितलंस? मी होऊन माफ करायला गेलो, तर ह्याचा ताठा बघ.’

बाई खाली बघतच म्हणाल्या, ‘तो प्यायला नव्हता, हे फडमालकानं तुम्हाला बाजारात सांगितलं, त्याला पाच वर्षं झाली. मग तुम्ही माफ कशाचं करताय?’

मंडळी, बायको असावी तर अशी – आणि ऐकू येणारा नवरा असावा! त्या दिवशी मास्तरांना काही ऐकू आलं नाही. जेवले आणि आडवे झाले.

रविवार उजाडला. भाकरीचं ताट हातात घेऊन शांतवनराव मेजापाशी उभे. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, प्रभुभोजनाआधी बायबलातलं नेहमी वाचतात तेच वाचत होते. दान घेऊन वेदीपाशी आलास, आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा. मास्तरांनी हे पोरांकडून शंभर वेळा घोकून घेतलं असेल. आज पहिल्यांदा कान अडकला. भावाच्या मनात! तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे प्रभूनं विचारलंच नाही. त्याच्या मनात काय आहे, ते विचारलं!

त्यांनी ताट मेजावर ठेवलं आणि चालू लागले. लोक कुजबुजले, ‘पंचांचं पोट बिघडलं वाटतं.’ पाळकसाहेबांनी भजन धरलं –

ठेव दान तेथे, जा रे भावापाशी।
मग देवापाशी, ये तू बापा॥

इकडे शांतवनराव जयवंतच्या उंबऱ्यात. ‘जयवंता, मी तुला न विचारता बोललो. खोटं बोललो. खोटं आहे हे कळल्यावरही पाच वर्षं गप्प बसलो, माझी अब्रू राहावी म्हणून. तू मला क्षमा कर.’

जयवंतनं हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘दादा, खोटं चाळीस माणसांत बोललास. खरं माझ्या एकट्याच्या कानात सांगतोस होय?’

सांगा मंडळी, काय केलं असतंत? उंबऱ्यात माफी मागणं सोपं होतं. चाळीस माणसांत मागायची म्हणजे वीस वर्षांचा मान गेला.  पण शांतवनरावांना भाऊ हवा होता. ‘चल,’ म्हणाले.

‘तू हो पुढं. मी दारातून ऐकतो.’

चर्चमधलं भजन थांबलं. सहा वर्षांपूर्वी जिथं उभे होते, तिथंच शांतवनराव उभे राहिले. ‘जयवंत प्यायला नव्हता. मी चौकशी केली नाही, आणि कळल्यावर लपवलं. त्या दिवशी इथं चाळीस जण होते. त्यातले सात आता मातीत आहेत. ते माझं खोटं खरं मानूनच गेले, त्यांना मी कुठं गाठू? उरलेल्यांनी तरी ऐका. आणि आज हे ताट दुसऱ्या कुणीतरी धरा.’

तुम्हाला वाटेल, आता भाऊ धावत येऊन गळ्यात पडला असेल. छे! जयवंत दारातच उभा. पाळकसाहेब स्वतः ताट घेऊन दारापर्यंत गेले. त्यानं भाकर घेतली, खाल्ली आणि डोळे पुसले. मग थोरल्याकडे बघून म्हणाला, ‘दादा, उद्या सातला टेम्पो येतोय. कपाट एकट्याच्यानं उचलत नाही. ये.’

आणि शांतवनराव साडेसहालाच जाऊन उभे राहिले.

मंडळी, कोणाकोणाला माफ करायचं, ती नावं आपण रोज प्रार्थनेत घेतो. घ्यावीत. पण आज दुसरं काम सांगतो. कोणाच्या प्रार्थनेत तुमचं नाव येतं? कोण तुमच्यामुळं खाली मान घालून चालतं? चार माणसांत बोलला असाल, तर त्याच चार माणसांत परत बोलावं लागेल. कोपऱ्यातली माफी तिथं चालायची नाही.

मागच्या रांगेत दोघी जावा मघापासून एकमेकींकडे पाठ करून बसल्यात. नावं घेत नाही, मी काही शांतवनराव नाही. पेटीवाले, थांबा जरा. शेवटचं भजन आत्ता नको. ज्याला उठून कुणाकडे जायचं असेल, त्यानं जावं. आम्ही थांबतो, देवही थांबतो. उठतंय का कोणी?