झोपाळ्यावरची टाकी

मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. रेशनकार्डाच्या फॉर्मवर ‘पति का काम’समोर सरलाबाईंनी रागारागाने ‘कुछ नहीं’ लिहिलं आणि त्या लाइनीत उभ्या राहिल्या. मागे दोघे बोलत होते.

“उदयसिंहजी, तुमची जुनी फियाट सुधरली म्हणे?”

“सुधरली काय भिया, उडतेय! आधी कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत जाऊन दम तोडायची. चार मेकॅनिकांनी चार फिल्टर बदलले.”

“मग?”

“मग मिलचा एक फिटर भेटला, शामराव. फिल्टर हातात घेऊन म्हणाला, ‘हा बिचारा नुसती चुगली करतोय, चोर टाकीत बसलाय.’ टाकी उतरवली, तर आत गंजच गंज!”

“एवढी जुनी टाकी, नवी कुठे मिळणार?”

“तेच तर! पठ्ठ्याने टाकीत चिंचेचं पाणी भरलं, सायकलची चेन सोडली, तोंड बंद केलं आणि घरच्या झोपाळ्यावर बांधली. तीन दिवस झोके देत बसला.”

“टाकीला झोके?”

“हौ! तान्ह्या बाळासारखे. आतून थाळीसारखी लख्ख निघाली. परवा एवढ्या लांब मांडूला जाऊन आलो, गाडी एकदाही खोकली नाही.”

“गजब माणूस आहे!”

“असा हात पुन्हा दिसायचा नाही. बायकोने मात्र तेव्हापासून अबोला धरलाय, म्हणत होता. झोपाळा तिचा ना!”

खिडकीतून बाबूने विचारलं, “बाईजी, पति कुछ नहीं करते?”

“काट दो भिया. मिस्त्री लिखो.”

मग सरलाबाई मागे वळल्या.

“आज घरी गेले की बोलते हो त्यांच्याशी.”