बरणीतली सिलिका

बहीण : दादा, आठव नीट. महिनाभर तुझ्या शिंपल्यांच्या तराफ्याजवळच्या पाण्यात सिलिका भरपूर आणि आज जवळजवळ शून्य. आज वेगळं काय केलंस?

भाऊ : काही नाही गं. दर सोमवारी पाणी भरतो, शुक्रवारी तुझ्या प्रयोगशाळेत आणून देतो. आज तेवढं येतायेता ताजं भरलं.

बहीण : मग चार दिवस ते असतं कशात?

भाऊ : काचेच्या बरणीत. तुझ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गळक्या, पिशवीचा चिखल होतो. तुझ्या दारात आलो की बाटलीत ओततो. बरणी लख्ख असते हं, तुझी वहिनी घासूनपुसून देते.

बहीण : अरे देवा! काचेतली सिलिका पाण्यात उतरते, दादा. मी महिनाभर समुद्र नाही, तुझी बरणी मोजत होते!

भाऊ : एवढी पांढरीफटक का पडलीस? मला कळेल असं बोल.

बहीण : ये, आजचं पाणी भिंगाखाली आहे, इथे डोळा लाव. काय दिसतं?

भाऊ : शेपटीवाले गरगर फिरतायत. मजेत आहेत बेटे. मागे दाखवलेल्या त्या नक्षीदार डब्या कुठे गेल्या?

बहीण : ते डायटम, सूक्ष्म शेवाळ. तुझ्या शिंपल्यांचं खाणं. त्यांना कवच बांधायला सिलिका लागते. नदीवर बंधारा झाला, सिलिका वरच अडकली. शेतांतलं खत मात्र येतंच आहे. डायटम संपले आणि खतावर हे माजले. हे विषारी आहेत, दादा. शिंपल्या यांनाच खातात. विष मांसात साठतं, उकडून जात नाही.

भाऊ : पण मागच्या शुक्रवारी तूच म्हणालीस, पाणी झकास आहे, खुशाल काढ!

बहीण : म्हणाले. आकडा चांगला दिसला म्हणून भिंगाखाली बघायचा कंटाळा केला. काढल्यास का? बोल ना!

भाऊ : विकायला उद्या काढणार होतो. आज सकाळी फक्त एक टोपली... घरी दिली.

बहीण : कोणी खाल्ल्या?

भाऊ : बाबांनी. ही मुलांना घेऊन माहेरी गेलीय. ते एकटेच आहेत.

बहीण : लाव फोन. लाव आधी!

(फोन स्पीकरवर.)

बाबा : बोल रे. टोपली फस्त केली बघ.

बहीण : बाबा, मी बोलतेय. बरं वाटतंय ना?

बाबा : उत्तम. ओठांना तेवढ्या मुंग्या आल्यात. बोटंही बधिर झालीत. जरा आडवा होतो.

भाऊ : तू त्यांना बोलतं ठेव, मी तुझ्या फोनवरून रुग्णवाहिका बोलावतो!

बहीण : झोपू नका, बाबा. दार उघडा आणि खुर्चीत बसा. माणसं येतायत. त्या शिंपल्या विषारी होत्या.

बाबा : छे, काहीतरीच! मी दादाला विचारूनच ताटात घेतल्या. म्हटलं, पाणी आपल्या पोरीनं तपासलंय ना? मग झालं तर.